ट्रॅक्टरचा फ्रंट लोडर: पुढे उचलायचं तर आधी मागे बघा

पाडवा झाला की आमच्याकडे उकिरडे उपसायला घेतात. पूर्वी फावडी, घमेली आणि सहा माणसं लागायची. आता पन्नास एचपीच्या ट्रॅक्टरला पुढे लोडर, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे दोन लोखंडी हात आणि त्यांच्या टोकाला बकेट, बसवला की एक माणूस दुपारपर्यंत सगळं खत शेतात पोचवतो. मी लोडर बसवला त्याच आठवड्यात ओल्या मुरमाची बकेट भरून वर घेतली आणि वळायला स्टिअरिंग फिरवलं. उजवं मागचं चाक वीतभर वर उचललं गेलं. बकेट तशीच खाली सोडली म्हणून ट्रॅक्टर पुन्हा चाकांवर बसला. मागे लिंकेजला, म्हणजे अवजार जोडायच्या तीन दांड्यांना, काहीच जोडलेलं नव्हतं, आणि चूक नेमकी तिथेच होती.

लोडर शिकवताना लोक आधी लिव्हर दाखवतात: हा वर-खाली, हा बकेट भरायचा आणि ओतायचा. ते अर्ध्या तासात हाताला बसतं. वजन कुठून कुठे जातं हे समजायला मात्र वेळ लागतो, आणि लोडरचे बरेच अपघात तिथेच होतात. म्हणून सुरुवात वजनापासून करतो.

बकेटमध्ये नेमकं किती भरतं?

आपल्याकडे पन्नास एचपीच्या आसपासच्या ट्रॅक्टरला साधारण सहा फूट रुंदीची बकेट बसते. शिगोशीग भरली तर त्यात ०.३५ घनमीटर माल मावतो असं धरा. आता तीच बकेट तीन वेळा भरून बघा. चांगलं कुजलेलं, सुकं शेणखत असेल तर जेमतेम २०० किलो. कोरडी माती ४५० च्या पुढे. ओला गाळ किंवा भिजलेला मुरूम असेल तर सहाशेच्या वर, म्हणजे सिमेंटची बारा पोती. डोळ्यांना तिन्ही वेळा बकेट सारखीच भरलेली दिसते.

२०१७ साली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आली आणि तलावांतला गाळ शेतात नेऊन टाकण्याला जोर आला. वरून वाळलेला, भेगाळलेला दिसणारा गाळ हातभर खाली ओला आणि चिकट असतो. शेणखताच्या सवयीने त्यात बकेट खुपसली की फसगत होते. ओल्या मालाला बकेट अर्धी किंवा फार तर दोनतृतीयांश भरा. फेऱ्या वाढतील, वाढू द्या. लोडरच्या पाटीवर उचलण्याची जी क्षमता लिहिलेली असते ती कुठल्या उंचीला आणि बकेटच्या कुठल्या जागेला मोजली आहे हेही वाचा. बकेट जिथे हातांना अडकवलेली असते त्या पिनेपाशी मोजलेला आकडा बकेटच्या पुढच्या धारेला लागू होत नाही.

मागचं वजन

तराजूचा हिशेब आहे. पुढचा एक्सल, म्हणजे पुढच्या चाकांचा आस, हा टेकू. भरलेली बकेट त्याच्या पुढे साधारण दीड मीटरवर, आणि मागची चाकं त्याच्या मागे साधारण दोन मीटरवर. बकेटमध्ये ६०० किलो घेतले की मागच्या चाकांवरचं ४५० किलो वजन कमी होतं आणि पुढच्या एक्सलवर १०५० किलो जास्तीचे येतात. लोडरचं स्वतःचं वजन यात धरलेलंच नाही. टू व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरचे ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात आणि ओढही तीच चाकं देतात. म्हणजे बकेट जितकी जड, तितका ब्रेक कमजोर. उतारावर भरलेली बकेट घेऊन ब्रेक दाबला आणि चाकं नुसती घसरत गेली, असं सांगणारे भेटतात. ब्रेक ठीक असतो, चाकावर वजनच उरलेलं नसतं.

उपाय दोन आहेत आणि त्यांचं काम वेगवेगळं आहे. पहिला, मागच्या चाकांत पाणी भरणं. व्हॉल्व वरच्या बाजूला, घड्याळातल्या बाराच्या जागी आणून तिथपर्यंत पाणी भरलं की चाक साधारण पाऊण भरतं. १३.६-२८ किंवा १४.९-२८ मापाच्या एका चाकात दीडशे ते दोनशे लिटर, म्हणजे तेवढेच किलो. याने पकड वाढते, ट्रॅक्टर खाली बसतो, पण पुढच्या एक्सलवरचा भार तसूभरही कमी होत नाही.

पुढच्या एक्सलला आराम देतं ते लिंकेजला टांगलेलं वजन. तेलाच्या २०० लिटरच्या पिंपात काँक्रीट ओतलं की जवळजवळ पाचशे किलोचा ठोकळा तयार होतो. ओतण्याआधी आत खालच्या दोन आणि वरची एक अशा तीन पिनांची चौकट वेल्डिंग करून बसवायची. मागच्या एक्सलपासून मीटरभर मागे हे वजन टांगलं की मागच्या चाकांवर सातशेच्या वर किलो येतात आणि पुढच्या एक्सलवरचे जवळजवळ अडीचशे किलो उचलले जातात. वाळू भरलेलं पिंप तीनशे किलोच्या आसपास जातं, तेही चालेल. बरेच जण रोटाव्हेटरच लावून ठेवतात. त्याचं वजन चारशे-पाचशे किलो असतं, त्यामुळे काम भागतं; पण मागे वळताना तो ट्रॉलीला, बांधाला, कधी माणसाच्या पायाला लागतो. माझं मत पिंपाच्या बाजूने. वजन जमिनीपासून फूटभर वर ठेवा आणि बाजूच्या साखळ्या आवळा. डुलणारं वजन फायद्यापेक्षा त्रास जास्त देतं.

मागच्या चाकांमधलं अंतर बदलता येतं. चाकाच्या डिस्क उलट्या बसवून ते जितकं रुंद करता येईल तितकं लोडरच्या कामासाठी करा. पुढच्या टायरमधली हवा नांगरटीला ठेवता त्यापेक्षा जास्त लागते; टायरच्या बाजूवर जी कमाल हवा छापलेली असते तिच्या जवळ ठेवा, वर नाही.

ट्रॅक्टर तीन पायांवर उभा असतो

पुढचा एक्सल मधोमध एका पिनेवर झुलतो. म्हणून खड्ड्यात एक पुढचं चाक गेलं तरी ट्रॅक्टर सरळ राहतो. याचा दुसरा अर्थ असा, की बाजूला कलताना पुढची दोन चाकं आधार देतच नाहीत. खरे पाय तीनच: मागची दोन चाकं आणि पुढची ती पिन. त्रिकोणाचं टोक पुढे आहे आणि तिथे जागा सगळ्यात अरुंद आहे. बकेट भरून उंच नेली की वजन वरही जातं आणि पुढेही, म्हणजे नेमकं त्या अरुंद टोकाकडे. मग मागचं एक चाक दगडावर चढलं किंवा जरा जोरात वळलात की ट्रॅक्टर कलतो.

म्हणून चालताना बकेट जमिनीपासून फूटभर वर, मागे ओढून घेतलेली, आणि समोरचं दिसेल इतकीच. वर उचलायची ती ट्रॉलीपाशी पोचल्यावर, ट्रॅक्टर सरळ उभा असताना. उंच बकेट घेऊन वळायचं नाही, कोणी कितीही घाई केली तरी. आणि कधी कललाच, तर एकच गोष्ट: बकेट खाली सोडा. स्टिअरिंग आणि ब्रेकचं नंतर.

डोक्यावर संरक्षक चौकट असेल तर सीट बेल्ट लावा. चौकट नसेल तर लावू नका, कारण ट्रॅक्टर उलटला तर पट्टा तुम्हाला त्याच्याखाली धरून ठेवेल. आपल्याकडे बऱ्याच ट्रॅक्टरना चौकट नसते. लोडरला खर्च करताना चौकटीचाही भाव विचारून ठेवा.

सकाळची पाहणी

दहा मिनिटं लागतात. ट्रॅक्टर सपाट जागी, बकेट जमिनीवर. हायड्रॉलिक तेलाची पातळी बघा. लोडरचे जॅक, म्हणजे हात आणि बकेट हलवणारे तेलाचे सिलिंडर, पूर्ण बाहेर असताना तेल कमी दिसतं, म्हणून ते आत घेतल्यावर मोजा. प्रत्येक पिनेला स्प्लिट पिन आहे ना? एक पिन सरकली तर बकेट एका बाजूने लोंबते आणि लोडरचा हात पिळला जातो. लोडर चॅसीला जिथे बसवला आहे ते बोल्ट नवीन असताना पहिल्या आठ-दहा तासांनंतर पुन्हा आवळावे लागतात, हे बसवणारा सांगेलच असं नाही. डावा-उजवा ब्रेक पेडल खटक्याने एकत्र जोडा. नांगरटीत एका बाजूचा ब्रेक मारून वळायची सवय असते. भरलेल्या बकेटीसह तसं केलंत तर ट्रॅक्टर जागच्या जागी फिरकी घेईल.

होज पाइप बघताना हात फिरवू नका. या तेलाचा दाब दीडशे ते दोनशे बारपर्यंत जातो आणि सुईएवढ्या छिद्रातून निघालेली धार कातडीतून सरळ आत घुसते. बाहेर नुसता टाचणी टोचल्यासारखा ठिपका दिसतो, दुखतही नाही, आणि आत तेल पसरत राहतं. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा धरा. तेल आत गेल्याचा संशय आला तर हळद लावून थांबू नका, त्याच तासात शस्त्रक्रिया होणाऱ्या दवाखान्यात जा आणि ‘हायड्रॉलिक तेल दाबाने आत गेलंय’ असं स्पष्ट सांगा.

भरणं आणि ओतणं

नवीन असाल तर पहिला दिवस रिकाम्या बकेटीवर घालवा. बकेटचा तळ आडवा आहे की नाही हे सीटवरून कळत नाही. बकेटच्या मागे एक सळई उभी वेल्ड करा आणि तळ सपाट असताना तिचं टोक कुठे दिसतं ते लक्षात ठेवा. आमच्याकडे त्या सळईला पोरांनी लाल फडकं बांधलंय. दिसायला विचित्र, कामाला अचूक.

मग ढिगाकडे. आधी ट्रॅक्टर जिथे मागे-पुढे होणार ती जागा सपाट करून घ्या, खड्डे बुजवा. यात गेलेली पंधरा मिनिटं दिवसभरात तिप्पट होऊन परत मिळतात.

१. लो रेंजमध्ये पहिला किंवा दुसरा गिअर, फोर व्हील ड्राइव्ह असेल तर चालू. हँड थ्रॉटल १५०० ते १८०० आरपीएमवर स्थिर. लोडरचा पंप इंजिनवर चालतो. रेस कमी ठेवली तर बकेट आळसावते आणि माणूस उगाच लिव्हर खेचत बसतो.

२. बकेटचा तळ जमिनीला समांतर, जमिनीला टेकून. ढिगाला सरळ भिडा, तिरके नाही. एका कोपऱ्यावर जोर आला की लोडरचे हात पिळतात.

३. बकेट आत शिरली की पुढे रेटत राहू नका. थोडं वर उचला, थोडं मागे ओढा, पुन्हा थोडं वर. चमच्याने भात घेताना मनगट फिरतं तसं. चाकं जागेवर फिरायला लागली म्हणजे तुम्ही रेटताय, भरत नाही.

४. भरली की मागे ओढून घ्या, फूटभर वर ठेवा आणि सरळ मागे या. वळण त्यानंतर.

५. ट्रॉलीपाशी सरळ या, थांबा, मग उचला. उचलता उचलता बकेट थोडी थोडी पुढे झुकवत राहा.

पाचव्या पायरीवर जरा थांबतो. साध्या लोडरमध्ये हात वर जातात तशी बकेट आपोआप मागे कलते. खाली बरोबर वाटणारी भरलेली बकेट वर गेल्यावर तुमच्याकडे तोंड करते. मुरमातला दगड घरंगळत बॉनेटवर येतो, कधी छातीवर. हल्ली उसाच्या पाचटाचे, सोयाबीनच्या भुसाचे गोल गठ्ठे बांधतात. असा गठ्ठा साध्या बकेटीत घेऊन उंच करणं म्हणजे तो स्वतःच्या अंगावर लोटून घेणं. गठ्ठ्यांसाठी काट्यांचं किंवा वरून पकडणारं अवजार वेगळं मिळतं, तेच लावा.

एका ब्रासला, म्हणजे १०० घनफुटाला, अशा शिगोशीग बकेटी आठ लागतात. ओल्या मालाला, कमी भरायच्या म्हणून, बारा ते सोळा. भाड्याने काम देताना हा हिशेब कामी येतो. मात्र एक ब्रास मुरूम पावणेपाच टनांच्या आसपास जातो, तेव्हा ट्रॉलीचे टायर आणि हुक बघून भरा. दोन चाकी ट्रॉलीत पहिल्या बकेटी मागच्या टोकाला टाकू नका, ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा हुक वर उचलला जातो. पहिला माल पुढच्या अर्ध्यात, मग मागे. ट्रॉलीच्या ड्रायव्हरने सीटवर बसून मोबाइल बघायचा नाही. खाली उतरून, तुम्हाला दिसेल अशा जागी, दूर उभं राहायचं.

ट्रॉली ढिगाला काटकोनापेक्षा थोडी आतल्या बाजूला, दोन-अडीच ट्रॅक्टरच्या लांबीवर लावा. ढीग, मागे, अर्धं वळण, ट्रॉली: इंग्रजी व्ही काढल्यासारखा मार्ग होतो. वारा पाठीवर येईल अशी दिशा निवडा, नाहीतर वैशाखातली धूळ आणि शेणखताचा भुसा संध्याकाळपर्यंत नाकातोंडात. या कामात गिअर तासाला शंभरदा बदलतो. क्लचवर पाय ठेवून ट्रॅक्टर धरून ठेवायची सवय असेल तर एका हंगामात क्लच प्लेट बदलावी लागेल. लोडरचंच काम जास्त असेल तर पुढे-मागे एका लिव्हरवर होणारा शटल गिअरचा ट्रॅक्टर घेणं परवडतं.

लोडर म्हणजे जेसीबी नव्हे, हेही सांगायला हवं. मोकळा माल उचलणं हे त्याचं काम. कातळात धार आपटणं, बाभळीचं खोड ढकलणं, भिंत पाडणं, यात जॅकचे दांडे वाकतात. जमीन सपाट करताना बकेट पूर्ण पालथी करून वरून दाब देत मागे ओढली तरी तेच होतं. सपाटीसाठी लिव्हर फ्लोटवर, म्हणजे हात मोकळे सोडणाऱ्या जागी, टाका आणि बकेट स्वतःच्या वजनाने जमिनीवर सरकू द्या.

उतार, विहीर आणि तारा

उतारावर जड बाजू नेहमी चढाकडे. भरलेली बकेट घेऊन चढताना पुढे तोंड करून चढा, उतरताना मात्र रिव्हर्समध्ये उतरा. आणि गिअरमध्येच. डिझेल वाचवायला उताराला न्यूट्रल करणारे महाभाग प्रत्येक गावात असतात. लोडर लावलेल्या ट्रॅक्टरवर तरी ही बचत नको. आडव्या उतारावर भरलेली बकेट घेऊन जायचंच नाही, वळसा घाला.

एप्रिल २०२५ मध्ये नांदेड जिल्ह्यातल्या आलेगाव शिवारात शेतमजूर बायकांना नेणारी ट्रॅक्टर-ट्रॉली विहिरीत कोसळली, सात जणी गेल्या. तिथे लोडर नव्हता, पण आपल्या शिवारातल्या कठडा नसलेल्या विहिरी लोडरवाल्यालाही तशाच गाठतात. बकेट समोरची जमीन झाकते, आणि पुढच्या एक्सलवर टनभर जास्तीचा भार असताना न बांधलेली कड ढासळते. विहिरीच्या काठी माल ओतायचा असेल तर दूर ओता आणि शेवटचं काम फावड्याने करा. कडेपासून ट्रॅक्टर कुठवर न्यायचा तिथे आधी खुंट्या ठोकून दोरी बांधा.

तारांचं तसंच. शेतावरून जाणाऱ्या ११ केव्हीपर्यंतच्या उघड्या तारेची उंची नियमाप्रमाणे किमान ४.६ मीटर हवी. प्रत्यक्षात खांब कललेले असतात, आणि उन्हाने तार लांबून आणखी झोळते, नेमकी आपल्या उकिरड्याच्या हंगामात. पूर्ण उचललेल्या बकेटीची वरची कड चार मीटरच्या घरात जाते. तारेखाली ढीग घालू नका, तारेखाली ट्रॉली लावू नका. लागलीच तार, तर सीटवर बसून राहा. कोणालाही जवळ येऊ देऊ नका, १९१२ वर फोन करून लाइन बंद करायला सांगा. ट्रॅक्टरला आग लागली तरच उतरा: ट्रॅक्टर आणि जमीन यांना एकाच वेळी स्पर्श होणार नाही अशी, दोन्ही पाय जोडून उडी. मग पाय जोडलेलेच ठेवून टुणटुण उड्या मारत दूर जा. मोठी पावलं टाकलीत तर दोन पायांतून करंट जातो.

बकेटमध्ये माणूस नको

नारळ उतरवायला, पथदिवा लावायला, फ्लेक्स बांधायला, निवडणुकीनंतर गुलाल उधळायला, लोकांना बकेटमध्ये चढायची भारी हौस. जेसीबीतून फुलं टाकतानाचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेत. एक होज फुटला किंवा तुमच्या कोपराचा धक्का लिव्हरला लागला की बकेट क्षणात खाली येते किंवा पालथी होते. गावात पाहुणा म्हणून मान असलेला माणूस सांगत असेल तरी नाही म्हणा, किल्ली खिशात टाका. मडगार्डवर बसणाऱ्यालाही तेच. उचललेल्या हातांखालून चालत जाणं, खाली वाकून ग्रीस मारणं, हेही बंद. खाली काम करायचंच असेल तर लोडरच्या हाताला लोखंडी टेकू लावा. नुसत्या तेलाच्या दाबावर विश्वास ठेवून कोणी खाली जाऊ नये.

संध्याकाळी

ट्रॅक्टर सपाट जागी घ्या, बकेट जमिनीवर टेकवा, तळ सपाट. हँडब्रेक, इंजिन बंद, मग लिव्हर सगळ्या दिशांना हलवून राहिलेला दाब सोडा. किल्ली काढा. शेण आणि ओला गाळ बकेटमध्ये रात्रभर राहिला तर सकाळी सुकून चिकटतो आणि पत्राही खातो, तेव्हा खरवडून टाका. सगळ्या पिनांना ग्रीस याच वेळी मारा, दर आठ-दहा तासांच्या कामानंतर, जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत. पिना अजून गरम असतात, ग्रीस आत सहज जातं. सकाळी तेच काम दुप्पट जोर मागतं. पुढच्या चाकांच्या हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याला, हात लावून बघा. एक हब दुसऱ्यापेक्षा फार तापला असेल तर त्याचं बेअरिंग जायला लागलंय, आणि मागचं पिंप लावायला तुम्ही विसरला होतात का तेही आठवून बघा.